मोडेम बंद-चालू करण्याआधी त्याचे पान वाचा

यंदा पावसाने जोर धरला आणि आमच्या प्रभादेवीच्या घरातले इंटरनेट दिवसातून दहा-बारा वेळा तुटू लागले. मुलीचा इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेरीचा ऑप्शन फॉर्म त्याच दिवसांत भरायचा होता. कॉलेजांचा पसंतीक्रम लावता लावता पान अडकले की तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. केबलवाल्याला फोन केला की दर वेळी एकच उत्तर मिळे, "काका, मोडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." चौथ्या तक्रारीनंतर त्याचा माणूस घरी आला आणि कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, तो फॉरमॅट करून घ्या, असे सांगून गेला. ते ऐकले असते तर मुलीच्या दोन वर्षांच्या नोट्स गेल्या असत्या आणि बिघाड जागच्या जागी राहिला असता.

मी बेस्टच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो. फॉल्ट शोधायला गेल्यावर कशालाही हात लावण्याआधी रीडिंग टिपून घ्यायचे, ही सवय तिथे अंगी मुरली. केबल मोडेमच्या बाबतीतही हेच व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक केबल मोडेम स्वतःचे रीडिंग एका पानावर दाखवत असतात. मोडेम बंद केला की त्यातले चुकांचे आकडे शून्यावर येतात. म्हणजे ग्राहकाला पहिला उपाय म्हणून "बंद-चालू करा" सांगणारा माणूस नकळत त्याच्याकडूनच पुरावा पुसून घेत असतो.

आधी दोष कॉम्प्युटरचा की लाइनचा, हे ठरवावे. वायफाय बाजूला ठेवून मोडेममधून लॅनची वायर थेट कॉम्प्युटरला लावावी आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्यावी; ती कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला बाहेरून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतला आहे. नवा राउटर किंवा दुसरा कॉम्प्युटर लावल्यावर असे झाले तर मात्र मोडेम बंद-चालू करणे योग्यच आहे, कारण अनेक मोडेम सुरू होताना जोडलेल्या पहिल्या उपकरणाचीच ओळख धरून बसतात. आणखी एक सोपी खूण टीव्हीची. एकाच केबलवर दोन्ही चालत असताना इंटरनेट तुटते त्याच वेळी काही चॅनेलांवर चित्राचे चौकोन पडत असतील, तर कॉम्प्युटरला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मोठी सर आली की दोन्ही एकदम होत असे.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकावा. हे पान मोडेमच्या आत असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही ते बहुधा उघडते. त्यावर तीन आकडे पाहायचे. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सिग्नलची ताकद, साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (सिग्नल मोजण्याचे एकक) यांच्या आत असावी. आमच्याकडे ती उणे १३ होती. सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण ३३ डीबीच्या वर हवे, ते २८ होते. अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेम बाहेर पाठवतो त्या सिग्नलची ताकद, साधारण ३५ ते ५० मध्ये हवी, ती ५४ झाली होती. हा तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. केबल मोडेमचे डॉक्सिस हे मानक १९९७ सालचे. पुढे वेग कितीतरी वाढला, पण मूळ रचना तीच राहिली. मोडेमचा आवाज हेडएंडला, म्हणजे केबलवाल्याच्या मुख्य केंद्राला, नीट ऐकू आला नाही, तर हेडएंड त्याला आवाज चढवायला सांगते. चढवण्याची मर्यादा संपली की संबंध तुटतो आणि मोडेम पहिल्यापासून चॅनेल शोधू लागतो. म्हणूनच ऑनलाइनचा दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकतो.

घरातली पाहणी ग्राहकाला स्वतः करता येते. आमच्याकडे खिडकीतून आलेली केबल आधी सिग्नल वाटून देणाऱ्या स्प्लिटरमध्ये आणि तिथून दोन टीव्ही व मोडेम यांच्याकडे जात होती. साध्या दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्येही प्रत्येक बाजूला सुमारे साडेतीन डीबी सिग्नल कमी होतो, आणि ३ डीबी म्हणजे ताकद निम्मी. त्यातला एक टीव्ही कधीच गेलेला होता आणि त्याचे तोंड तसेच उघडे होते. अशा उघड्या तोंडातून आणि सैल कनेक्टरमधून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. हेडएंडकडे जाणाऱ्या वाटेवर इमारतीतल्या सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होत असल्याने एका घरातल्या ढिल्या कनेक्टरचा त्रास सगळ्या मजल्यांना होऊ शकतो. सोसायटीच्या सभासदांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. उघड्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणारी टोपी, बसवला आणि मोडेमला पहिला फाटा दिला, तरी आकडे थोडेच सुधारले. म्हणजे मूळ दोष बाहेर होता.

हे आकडे आणि नेट तुटल्याच्या वेळा वहीत मांडून त्याचा फोटो केबलवाल्याला पाठवला. दुसऱ्याच दिवशी एक अनुभवी तंत्रज्ञ आला. केबलचा सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरला वीज असते, त्यामुळे गच्चीवरच्या कामाला आपण हात लावू नये. पण त्याच्यासोबत मी वर गेलो. कठड्यालगतच्या जॉइंटवरची काळी टेप त्याने सोडवली तेव्हा आतून पाणी ठिबकले. मधल्या तारेवर हिरवा गंज चढला होता, तिच्याभोवतीची धातूची जाळी काळी पडून बोटाने चुरत होती. समुद्र इतका जवळ असलेल्या इमारतीत खारा वारा आणि पाऊस मिळून जॉइंट असाच खातात. त्याने केबल हातभर मागे कापली, नवा कनेक्टर बसवला, पान्याने पाव आटा घट्ट केला, वरून रबर टेप गुंडाळली आणि पाणी जॉइंटकडे न येता खालीच गळावे म्हणून वायरला झोळ ठेवला. हे सगळे पंचवीस मिनिटांत झाले. त्याच्या हातातली सफाई पाहून मनापासून बरे वाटले.

मुलीने फॉर्म अखेर माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला. ज्या कामासाठी दरमहा पैसे मोजले ते ऐन वेळी झाले नाही, याची खंत आहेच. केबलवाल्यांनी जोडणी देताना हे तिन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत आणि तक्रार घेताना ग्राहकाला आधी तेच विचारावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. अनेक ठिकाणी आता फायबर आले, हे खरे. पण आमच्यासारख्या जुन्या इमारतींत अजून हीच केबल आहे आणि तिच्यावर मुलांचे अभ्यास व अर्ज अवलंबून आहेत. कोणाला आपल्या मोडेमचे पान समजून घ्यायचे असेल, तर त्याचा फोटो मला जरूर पाठवा. आमचे आज सकाळचे आकडे असे आहेत : डाउनस्ट्रीम उणे ३, गोंगाटाचे प्रमाण ३७, अपस्ट्रीम ४४. रात्रभर पाऊस पडत होता.