तक्रार तोंडीच करावी

नव्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळून पहिल्याच पावसाळ्यात ‘खट् खट्’ असा आवाज येऊ लागला, तर सुजाण मालकाने काही काळ तो आपल्याला ऐकूच येत नाही असे धरून चालावे. बऱ्याच गाड्यांना तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर वॉरंटी असते. गाडी वर्कशॉपमध्ये नुसती उभी राहिली तरी ही मुदत थांबत नाही, आणि वॉरंटीत बदलून मिळालेल्या पार्टलाही बहुधा मूळ मुदतीतील उरलेलेच दिवस मिळतात. तेव्हा काहीही न करता थांबण्यात मोठी शक्ती आहे. ती आपल्या उपयोगाची नाही, एवढेच.

एवढा संयम नसेल तर वर्कशॉप गाठावे, पण तक्रार तोंडी करावी. समोर बसलेला सर्व्हिस ॲडव्हायझर चौकशीअंती आपल्या मावशीच्या वाडीतला निघतो, ‘काका’ म्हणतो, चहा मागवतो आणि आपण खिशातून टिपणाचा कागद काढू लागलो की दुखावल्या स्वरात म्हणतो, “काका, लिवन कशाक व्हया? मी आसय मां!” यानंतर कागद पुढे करणे म्हणजे दोन्ही घरांचे संबंध बिघडवणे होय. ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालताना नाव, गाव आणि नेमकी अडचण स्वच्छ शब्दांत सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तीच पद्धत वर्कशॉपमध्ये वापरण्याचा मोह टाळावा. ‘दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगाने, डावीकडे वळताना, खड्ड्यातून चाक वर येताना पुढच्या डाव्या बाजूला आवाज येतो’ असे वाक्य जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, उमटले तर ते पुढे कायमचे राहते. त्याऐवजी ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले गेले की कोणाचीच अडचण होत नाही. आता कागदाऐवजी टॅबवर बोटाने सही घेतात, ही तर फारच सोयीची गोष्ट आहे. वर काय लिहिले आहे ते वाचण्यापूर्वीच बोट फिरवून मोकळे व्हावे आणि प्रत मागू नये.

मग येते ट्रायल. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण रायगड आणि रत्नागिरीत कितीही रखडलेले असले तरी सिंधुदुर्गात ते बऱ्याच आधी आटोपले, आणि वर्कशॉप नेमके त्या गुळगुळीत काँक्रीटला लागून असते. आपला आवाज येतो तो मात्र वाडीच्या उतारावर, जिथे डांबर वाहून गेले आहे आणि खालचा जांभा वर आला आहे. ॲडव्हायझर गाडी महामार्गावर घेईल, काचा वर करील, एसी पूर्ण सोडील, आणि साठच्या वेगाने सरळ जाऊन सरळ परत येईल. गाडीतून चकार शब्द निघणार नाही. या क्षणी आपण किंचित ओशाळावे, असा शिष्टाचार आहे. ‘जरा आतल्या रस्त्याला घ्या’ असे म्हणू नये, कारण तिकडे चिखल असतो आणि गाडी नुकतीच धुतलेली असते. कधी चुकून तिथेही आवाज आलाच, तर ‘या मॉडेलला एवढा असतोच, नॉर्मल आहे’ हे उत्तर तयार असते. शोरूमच्या दारात त्याच मॉडेलची डेमो गाडी उभी असते आणि तीच त्याच खड्ड्यातून नेली तर असतो की नसतो याचा निकाल पाच मिनिटांत लागेल, हा विचार मनात आला तरी बोलून दाखवू नये. सस्पेंशनचे बोल्ट आवळले असे सांगून गाडी परत मिळेल. ती ‘ऑब्झर्वेशनखाली’ ठेवायची असते; निरीक्षण अर्थात आपण करायचे असते.

परतीच्या वाटेवर नाक्यावरच्या मेकॅनिकला गाडी दाखवण्याची बुद्धी होईल. तो वाकून चाकामागे हात घालील, काहीतरी हलवील आणि सांगेल, “लिंक रॉड गेलो हा, दुसरा काय नाय.” त्याचे निदान बरोबर असण्याची दाट शक्यता आहे. त्याने नुसते ऐकले तोवर ठीक, पण त्याने पाना लावला की बाहेर काम केल्याचे कारण देऊन क्लेम नाकारण्याची सोय होते, आणि इतके दिवस कारणाच्या शोधात असलेल्या माणसांना ते आयते दिल्याचे पुण्य आपल्या पदरी पडते.

वॉरंटीची पुस्तिका गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत असते, ती तिथेच राहू द्यावी. उघडलीच तर असे दिसेल की ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरे हे झिजणारे पार्ट वॉरंटीबाहेर असतात, टायर आणि बॅटरी यांची जबाबदारी बहुधा त्यांच्या त्यांच्या कंपन्यांकडे जाते, आणि उंदरांनी कुरतडलेली वायरिंग ही उंदरांची बाब असते. खाऱ्या हवेने चढलेला गंज तर बाह्य कारणात मोडतो. समुद्र हा इथे शोरूमच्या आधीपासून आहे आणि शोरूमवाल्यांना तो गाडी विकताना दिसतही असावा, कारण डिलिव्हरीच्या वेळी अंडरबॉडी कोटिंगचे जास्तीचे पैसे घेताना त्याची आठवण ते न चुकता काढतात. पुढे गंजाची तक्रार आली की मात्र तो कोणीतरी मध्येच आणून टाकल्यासारखे बोलतात. चिपळूणमध्ये २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी गाड्यांच्या टपापर्यंत चढले, तेव्हा असंख्य मालकांना वॉरंटी आणि विमा या दोन वेगळ्या वस्तू असल्याचा शोध एकदमच लागला. तो त्यांना गाडी घेताना कोणी सांगितला असता तर कदाचित विक्रीच्या उत्साहावर पाणी पडले असते.

समजा, नशिबाने दोष मान्य झाला. आता पार्ट ‘मागवलेला’ असतो. कंपनीचे अप्रूव्हल यायचे असते, त्यासाठी फोटो पाठवलेले असतात, आणि ऑर्डरचा नंबर किंवा तारीख विचारणे हा अविश्वास ठरतो. तेवढ्यात चतुर्थी येते. मुंबईचे चाकरमानी गाड्या घेऊन उतरतात, घाटात त्यांचे क्लच जळतात, वर्कशॉप भरून जाते आणि आपला ॲडव्हायझरही पाच दिवसांच्या गणपतीला रजेवर जातो. त्याबद्दल कोणी तक्रार करील असा माणूस कोकणात अजून जन्माला यायचा आहे. काम मोठे असेल तर गाडी फोंडा घाट चढवून कोल्हापूरला न्यायला सुचवतात. त्या वळणांवर तो आवाज इतका स्पष्ट येतो की ट्रायलसाठी याहून योग्य रस्ता सापडणार नाही, पण त्या वेळी आपण गाडीत एकटेच असतो.

गाडी मिळाल्यावर ‘काम समाधानकारक झाले’ या ओळीखाली सही करावी लागते. ती गाडी चालवून पाहण्यापूर्वीच करावी, कारण चालवून पाहिल्यावर हात अडतो. दोन दिवसांनी कंपनीकडून गुण विचारणारा फोन येतो आणि त्याच्या आधी ॲडव्हायझरचा येतो: “काका, दहापैकी दहा द्या हां, नऊ दिलेत तरी मला ऐकावे लागते.” आपण दहा देतो. त्या पोराची अडचण खरी असते आणि त्याच्यावर राग काढून काही मिळणार नाही, हेही खरे आहे. मात्र त्या दहा गुणांमुळे वरच्या कार्यालयात आपली गाडी दुरुस्त झालेली असते. म्हणून कंपनीला थेट ईमेल पाठवून त्यात एकाच दोषाच्या सगळ्या जॉब कार्डांचे नंबर ओळीने मांडण्यासारखे अविचारी कृत्य करू नये. दोष पहिल्याच पावसाळ्यापासून होता आणि तो अनेकदा सांगूनही गेला नाही, हे त्यातून नाहक सिद्ध होते.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. काही उतावळे लोक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवतात, आणि तिथे भागले नाही तर ग्राहक आयोगात जातात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मग गाडी कुठेही घेतलेली असो. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी दोनशे रुपये आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी चारशे रुपये, म्हणजे एका वॉशिंगच्या आसपास. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असते, आणि तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती करवून घेऊ शकतो. कायद्याने ठरवलेला तीन किंवा पाच महिन्यांचा निकालाचा अवधी पाळला जाईलच असे नाही, हा त्यातला एकमेव दिलासा. पण सिंधुदुर्गातल्या माणसाने तक्रार केली तर उत्तर द्यायला कंपनीच्या कोणाला तरी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, यावे लागू शकते. तो कंपनीचीच गाडी घेऊन येईल, चहासाठी महामार्ग सोडून आत वळेल, आणि डाव्या चाकाखाली खड्डा आला की त्यालाही तो आवाज ऐकू येईल, हा धोका कोणत्याही सभ्य ग्राहकाने पत्करू नये.