गार्डनमधला शेंदऱ्या

काल सकाळी नवी मुंबईत नेरूळला आमच्या सेक्टरच्या गार्डनमध्ये राडा झाला. राडा म्हणजे काय, वॉचमन एका म्हाताऱ्या आजींवर ओरडत होता, पडलेल्या कैऱ्या पदरात गोळा करत होत्या म्हणून. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरा, यो आंबा आमचा हाय, तुझा बाग नंतर आयला."

मी चौदा वर्षं त्या आंब्याला फेऱ्या मारतोय राव, आणि मला फक्त त्याच्यावर ठोकलेला पत्र्याचा नंबर माहीत होता! आजी बाजूच्या गावठाणातल्या. त्यांच्या सासऱ्यांनी भातशेताच्या बांधावर लावलेला रायवळ, पिकला की देठाशी शेंदरी होतो म्हणून नाव शेंदऱ्या. खाली वाकलेल्या फांदीवर एक गुळगुळीत खाच आहे, मला वाटायचं पोरं लटकून झिजली असेल. तर तिथे आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत झोळी बांधायचे, आजींची तीन पोरं त्या झोळीत झोपली, आणि आजी खाली गुडघाभर चिखलात.

आपण काय म्हणतो, इथे आधी काहीच नव्हतं, नुसती खाडी आणि चिखल. मीही पाहुण्यांना हेच सांगायचो, लाज वाटते आता. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात भातशेती होती, मिठागरं होती, खाऱ्या जमिनीतला राता भात पिकायचा. मोबदल्यासाठी भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांबरोबर लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे दोन दिवसांत गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर कुठे ते साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत. आपल्याला साडेबारा टक्के म्हणजे फक्त फ्लॅटच्या जाहिरातीतला शब्द, आजींच्या घरात मात्र त्याच्यावरून दोन भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

आता माझं म्हणणं (शिव्या घाला हवं तर). गार्डनच्या गेटवर उद्घाटन करणाऱ्यांची ही मोठी पाटी आहे, नावं मोजली मी, अकरा. त्यात ज्याची सावली आपण फुकट खातो त्याचं नाव नाही. २०२१ पासून राज्यात पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, शेंदऱ्या आरामात बसतो त्यात, पण हेरिटेज म्हणजे नुसतं वय आणि बुंध्याचा घेर का? झाडाचं नाव लिहा, बांध कुणाचा होता ते लिहा, गावाचं नाव लिहा. दोन फुटांची पाटी, किती खर्च येतो? त्या सेल्फी पॉइंटपेक्षा कमीच!

अर्ज लिहायला घेतलाय. संध्याकाळी गावात जाऊन आजींना विचारलं, पाटीवर सासऱ्यांचं नाव कसं टाकू. त्यांनी मीठ लावलेली कैरीची फोड हातावर ठेवली, म्हणाल्या, "नाव कशाला रं, त्या वॉचमनला सांग, कैऱ्या उचलू दे."

तेही लिहिलंय अर्जात.