अक्षरी रुपये नऊ हजार आठशे फक्त

रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये टँकरच्या खर्चाचा आलेख मी स्वखुशीने दाखवला. कुणी मागितला नव्हता, हे मान्य.

भिंतीवर रेष उमटली. जानेवारी ते जुलै, पट्टीने आखल्यासारखी, थेट वर. लोक हळहळले. मला तर अभिमानच वाटला. इतकी सरळ रेष दहावीच्या भूमितीतही जमली नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. बँकेतले निवृत्त कॅशियर. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"मेमध्ये किती?"

"१,०४,०००."

"जुलैत?"

"९,८००."

"मग नऊ हजार लाखाच्या डोक्यावर कसे बसले?"

सगळे गप्प. पंख्याची तेवढी कुरकुर.

"काका, शीटमधल्या आकड्यांत स्वल्पविराम होते. त्यामुळे पायथन या प्रोग्रामिंग भाषेने ते आकडे मजकूर म्हणून धरले. आणि मॅटप्लॉटलिब, म्हणजे त्यातलं आलेख काढणारं साधन, मजकुराला आला त्या क्रमाने एकेक पायरी वर चढवतं."

"म्हणजे रक्कम अक्षरी झाली?"

"तसंच."

"आणि अंकी?"

"अंकी... करायची राहिली."

"आम्ही अक्षरी-अंकी जुळलं नाही की चेक परत करायचो." बसले. पुन्हा उठले. "समोर मंत्र्याचा मेव्हणा असला तरी."

घरी येऊन स्वल्पविराम उडवले, फ्लोट केलं, म्हणजे मजकुराची दशांश संख्या. एका ओळीचं काम. आणि गंमत बघा, याच पायथनला देवनागरीत '४२५००' द्या, निमूट फ्लोट करतो. मधे अंडरस्कोअर घाला, तोही गिळतो. आपला लाखाचा स्वल्पविराम तेवढा घशात अडकतो! बरं, अडकला तर ठसका तरी लागावा. फ्लोटला तो आकडा दिला की व्हॅल्यूएरर, म्हणजे चुकीचा संदेश, तोंडावर फेकतो. अपमान होतो, पण घरातल्या घरात. हा आलेखवाला मात्र चकार शब्द न काढता सुबक खोटं रेखाटतो आणि चारचौघांत आपल्याला उभं करतो.

दुरुस्त आलेख ग्रुपवर टाकला. मेमध्ये सुळका, जुलैत दरी. दोन अंगठे आले, एक चुकून. पण "टँकरखर्च सातत्याने वाढत असल्याने" मेंटेनन्स दरमहा २०० रुपयांनी वाढवण्याचा ठराव सेक्रेटरींनी काका उठायच्या आधीच लिहून टाकला होता. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही म्हणे. सूचक म्हणून खाली माझं नाव आहे. अक्षरी.