मिल्कवीड लावा, पण स्थानिक जातीचंच

मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावा (त्यांच्या अळ्या याच झाडाची पानं खातात), हे तुमच्या लेखातलं आवाहन मनापासून पटलं. आम्ही न्यू जर्सीत राहतो. पहिल्या वर्षी नर्सरीतून आणलेल्या रोपांवर आधीच कीटकनाशक मारलेलं होतं, सगळ्या अळ्या दोन दिवसांत गेल्या. फार जिवाला लागलं. आता इथल्या स्थानिक स्वँप मिल्कवीडचं बी नोव्हेंबरमध्येच मातीत टाकते. थंडी मिळाल्याशिवाय ते नीट रुजत नाही. जुलैत पान उलटून बघावं, टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं हमखास दिसतं. टेक्सास-फ्लोरिडातल्या मंडळींनी मात्र लाल-केशरी फुलांचं, स्थानिक नसलेलं ट्रॉपिकल मिल्कवीड कृपा करून लावू नये. ते हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि त्यावर मोनार्कना पोखरणारा परजीवी साठत जातो. पान खुडल्यावर येणारा पांढरा चीक अगदी आपल्या रुईसारखा, दोन्ही एकाच कुळातली!