दुखत नाही म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या व्हॉट्सॲप गटांवर गरोदर बायांसाठी एक संदेश फिरतो: सोनोग्राफीत ‘वार खाली’ (म्हणजे बाळाला पोसणारी वार, प्लासेंटा, गर्भाशयाच्या तोंडाजवळ) दिसली तर ती आपोआप वर चढते; त्यासाठी पलंग सोडू नका; थोडे रक्त गेले तरी पोटात दुखत नसेल तर काळजी नको; पुन्हा सोनोग्राफी सांगतात ती सिझेरियन गळ्यात मारायला.

पहिले विधान अर्धे खरे आहे. विसाव्या आठवड्याच्या सुमारास खाली दिसलेली वार दहातल्या नऊ जणींना पुढे त्रास देत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो आणि वार गर्भाशयाच्या तोंडापासून लांब जाते. पडून राहण्याने यात काहीच फरक पडत नाही. महिनोन्महिने झोपून राहिल्यास पायात रक्ताच्या गुठळ्या मात्र होऊ शकतात. आधीचे सिझेरियन असेल तर वार दूर जाण्याची शक्यता कमी होते. ती जुन्या व्रणात रुतली तर बाळंतपणात सुटत नाही, रक्त आवरत नाही, कधी गर्भाशयच काढावे लागते. अशा बाईला ‘आपोआप होईल’ म्हणणे मला अक्षम्य वाटते.

दुखण्याचे वाक्य सर्वांत घातक. खाली असलेल्या वारेमुळे लालभडक रक्त जाते आणि बहुतेकदा दुखतच नाही. पहिल्या वेळी थोडे जाऊन थांबते. पुढच्या वेळी किती जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. वार वेळेआधी सुटली तर पोट दगडासारखे घट्ट होते, सतत दुखते, आणि रक्त आतच साचल्याने बाहेर थेंबही दिसेलच असे नाही. दोन्ही वेळा तडक इस्पितळ गाठायचे. वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत बोटांनी आतून तपासणी करू देऊ नका, त्याने रक्ताचा लोट सुटू शकतो. योनीमार्गे केलेली सोनोग्राफी सुरक्षित असते.

बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. वारेची कड तोंडापासून २० मिलिमीटर किंवा जास्त लांब गेलेली दिसली, तर वारेसाठी सिझेरियनची गरज उरत नाही.

वाळपईपलीकडच्या गावांतून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) लांब पडते. रक्त दिसताच १०८ला फोन करा, ‘वार खाली आहे’ हे सुरुवातीलाच सांगा, फाईल सोबत घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा. अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ न देणारे) लागल्यास ते रक्त गेल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायचे असते.