सर उल्लेखनीय आहेत का?

आमच्या सरांचं पान एका ऑनलाइन ज्ञानकोशात टाकलं तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या डोक्यावर पट्टी, की ही व्यक्ती उल्लेखनीय वाटत नाही, पान काढावं का यावर सात दिवस चर्चा होईल. म्हणजे दहाव्याच्याही आत निकाल, आणि सर तर चांगले धडधाकट आहेत.

सर मोडीवाले, म्हणजे जुनी मोडी लिपी वाचणारे. लोक ट्रंकेतले जुने कागद पिशवीत घालून त्यांच्याकडे येतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यात कारकुनाने हात न उचलता अख्खी ओळ ओढलेली, आणि सर भिंग लावून पाच मिनिटं त्या कागदाकडे नुसतं बघत बसतात, मग म्हणतात, "हा गोविंदा नाही, गोंदाजी आहे." झालं, भावकीत तीन पिढ्या ज्याच्या नावावर भांडण चाललंय तो माणूसच बदलला!

चर्चेत पहिलाच प्रश्न आला, एच-इंडेक्स किती? हे प्रकरण २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं, म्हणजे तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी निदान दहादा कुणी हवाला दिला असेल तर तुमचा आकडा दहा. आता गोंदाजीचा हवाला कोण देणार, दिलाच तर वकील देणार, आणि कोर्टातले कागद काही गूगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध आणि त्यांचे हवाले जिथे मोजतात तिथे, येत नाहीत. तिथे सरांच्या नावाचे दुसरेच एक गृहस्थ सापडले, कांद्यावरच्या करप्याचे तज्ज्ञ. त्यांचे आकडे बघून एकाने लगेच "ठेवा" म्हणून मत दिलं. मला राहवलं नाही, हे ते नव्हेत म्हणून सांगून टाकलं, एक मत गेलं.

मग पुरावे. गौरवग्रंथ आहे म्हटलं, तर तो विद्यार्थ्यांनी लिहिलाय, स्वतंत्र स्रोत नाही. अहो पण गौरवग्रंथ विद्यार्थी नाही तर काय शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी लिहिणार? पेपरचं कात्रण काढलं, त्यात सत्काराच्या बातमीत आमदारांचं भाषण दोन कॉलम आणि शेवटच्या ओळीत सरांचं नाव, "यांचाही सत्कार करण्यात आला". त्या "ही"वर मी अर्धा दिवस लढलो. स्मरणिकेतला लेख स्कॅन करून टाकला तर खाली सराफाची जाहिरात आलेली, शुभेच्छुक वगैरे, त्यावर एकाने शेरा मारला की हा मजकूर जाहिरातवजा आहे.

बरं, नियमच नकोत असंही नाही हो. नियम नसते तर ज्यांच्या फ्लेक्सला चौक पुरत नाही ते सगळे भावी नगरसेवक आणि लाइफ कोच आत येऊन बसले असते. पण त्याच नियमांत मोठ्या विद्यापीठाचा कुलगुरू आपोआप उल्लेखनीय, त्याने आयुष्यात फक्त परिपत्रकांवर सह्या केल्या तरी! सरांनी ऐन वयात कागद चाळण्यापेक्षा सिनेटची निवडणूक लढवायला हवी होती.

आमच्या बाजूच्या एकाने मग डोना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं उदाहरण काढलं. लेझरवरचं काम १९८५ सालचं, आणि मे २०१८ मध्ये विकिपीडियावर त्यांच्या पानाचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारलेला. ऑक्टोबरात भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच दिवशी पान तयार. आम्हाला वाटलं आता समोरचे गप्प बसणार. उत्तर आलं, मग सरांनाही नोबेल मिळालं की या.

सातव्या दिवशी निकाल लागला, एकमत नाही. एकमत नाही म्हणजे पान राहतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतकं भांडलोच नसतो, कारण आपल्याकडे एकमत होण्याची भीती तशी कमीच.

सरांना लिंक पाठवली. सरांचा फोन, "अरे, जन्मतारीख चुकलीय. १ जून मास्तरांनी शाळेत घालताना लावली. मी आषाढातला."

"सर, त्याला लेखी पुरावा लागेल."

"आहे की. आजोबांच्या हातचं जन्मटिपण आहे."

"मोडीत?"

"मग कशात असणार?"

आता ते टिपण घरात सरांशिवाय कुणाला वाचता येत नाही, आणि नियमाप्रमाणे सर स्वतःबद्दलचा स्वतंत्र स्रोत नाहीत. पानावर सध्या १ जूनच आहे.