प्रतिक्रियेला उत्तर: आईचं इंजेक्शन का बदललं

काका, नमस्कार. आईच्या डोळ्यात टोचायचं इंजेक्शन अव्हॅस्टिनवरून आयलियावर बदलल्याचं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. ‘मॅक्युलाच्या ओल्या आजारात अव्हॅस्टिन आणि ल्युसेंटिस सारखीच, हे 2011 मध्येच सिद्ध झालंय; मग इंजेक्शन बदलल्याचं कौतुक म्हणजे महागड्या औषधाची जाहिरात,’ असं तुम्ही त्यावर लिहिलंत. (मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला, बारीक दिसण्याचा भाग; ओल्या आजारात तिथं पाणी साठतं, आणि ही इंजेक्शनं ते सुकवतात.) काकूंना अव्हॅस्टिननं गुण आला हे वाचून मनापासून बरं वाटलं. आईलाही वर्षभर तेच दिलं आणि तिची नजर त्यानंच टिकली.

तुम्ही म्हणता तो, या दोन औषधांची तुलना करणारा सीएटीटी अभ्यास मीही वाचलाय. दर महिन्याला टोचलं तर वर्षाअखेर दोन्हींनी नजर सारखीच राहिली, हे खरं. पण पडद्याचं पाणी पूर्ण सुकलेले पेशंट ल्युसेंटिसच्या गटात जास्त होते. आईचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. चार आठवड्यांनी स्कॅन कोरडा, सहा झाले की पुन्हा पाणी. भाचीच्या लग्नापायी मी एक तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. हळदीच्या दिवशी आई म्हणाली, “दाराची चौकट वाकडी दिसतेय गं.” फ्रिजवरचा, नजर तपासायचा चौकड्यांचा कागद तिच्यापुढे धरला, तर मधल्या रेघा तिला पाण्यात हलल्यासारख्या दिसत होत्या. ती चूक माझी, अजून सलते. पण दर महिन्याला कराड ते पुणे, मग रात्रभर बीटाडीननं चुरचुरणारा डोळा, हे किती वर्षं निभणार होतं?

डॉक्टरांनी लगेच औषध बदललं नाही. आधी मागच्या सगळ्या तारखा पाहिल्या. मग हाताच्या शिरेत डाय देऊन डोळ्याची अँजिओग्राफी केली, कारण आपल्याकडे या आजाराचा पॉलिपचा प्रकार (पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांना फुगे येणं) बराच आढळतो आणि त्यात कधी लेझरही लागतं. तो नाही म्हटल्यावर आयलिया हे याच जातीचं दुसरं इंजेक्शन सुरू केलं. आता आठ आठवड्यांनीही स्कॅन कोरडा येतो.

नजर मात्र आधी 6/24 होती (इतरांना 24 मीटरवरून दिसतं ते तिला 6 मीटरवरून), आताही 6/24 आहे. हे मी पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं नाही, तिथं तुमचा राग रास्त आहे. नवीन इंजेक्शननं जास्त दिसू लागतं असा कुणाचा समज व्हायला नको. आजच दुरुस्ती करते. आम्हाला मिळाले ते मधले चार आठवडे.

काकूंचं औषध चालतंय, तर बदलू नका. फक्त तारीख चुकवू नका, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी तो कागद रोज एकेक डोळा झाकून, चष्मा लावून बघायला सांगा. छापायची प्रत हवी असेल तर पाठवते.